मेल सर्व्हरचं होस्टनेम कोणतं ठेवावं?

प्रश्न:
व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) डेबियन लिनक्स आणि पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाकतोय. डोमेन एक्झाम्पल.कॉम आहे असं धरा. वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर आहे. होस्टनेम (सर्व्हरचं पूर्ण नाव) म्हणून डोमेनच द्यावं की मेल.एक्झाम्पल.कॉम? पुढे आणखी एक डोमेन याच सर्व्हरवर आणलं, तर त्याला वेगळा पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारा डीएनएस रेकॉर्ड) लागेल का?

प्रतिसाद:
नुसतं डोमेन देऊ नका. त्याचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारा) वेबसाइटच्या आयपीकडे जातो, मग मेल सर्व्हरच्या पीटीआरशी तो जुळणार कसा? मेल.एक्झाम्पल.कॉम घ्या. ए रेकॉर्ड या नावावरून आयपीकडे, पीटीआर त्याच आयपीवरून याच नावाकडे, आणि पोस्टफिक्सच्या मायहोस्टनेम या सेटिंगमध्येही हेच, कारण हेलोमध्ये (समोरच्या सर्व्हरला दिलेल्या ओळखीत) तेच जातं. पीटीआर स्वतःच्या झोनमध्ये (डोमेनच्या डीएनएस नोंदींत) लिहून उपयोग नाही, तो व्हीपीएसवाल्यांच्या पॅनेलमधूनच लागतो. तिथेच २५ नंबरचं पोर्ट बाहेर जाण्यासाठी उघडं आहे ना, तेही बघा. बरेच व्हीपीएसवाले ते बंद ठेवतात.

एमएक्समध्ये (डोमेनची मेल कुठे द्यायची ते सांगणाऱ्या रेकॉर्डमध्ये) नाव लागतं, आयपी चालत नाही. ते नाव सीनेमही (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) नको; आरएफसी २१८१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजामध्ये तशी मनाईच आहे.

दुसऱ्या डोमेनचा एमएक्सही याच नावाकडे वळवा, पीटीआर एकच पुरतो. एसपीएफ (मेल पाठवायला परवानगी असलेल्या आयपींची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते) हे रेकॉर्ड मात्र प्रत्येक डोमेनचे वेगळे.

दुसरा प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) तेवढं राहिलं, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. सर्व्हरला व्ही६ पत्ता असला की पोस्टफिक्स त्यावरूनही मेल पाठवतं, आणि त्याला पीटीआर नसेल तर जीमेल मेल परत करतं. व्ही६ साठीही क्वाड-ए (व्ही६ चा ए रेकॉर्ड) आणि पीटीआर लावा, नाहीतर पोस्टफिक्सच्या इनेट-प्रोटोकॉल्स सेटिंगमध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवा.

डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर मेलच्या ए रेकॉर्डवरचा ढग करडा (म्हणजे त्यांची प्रॉक्सी बंद) हवा. केशरी राहिला तर नाव त्यांच्या आयपीकडे जातं आणि येणारी मेल पोचतच नाही.

वेबसाइटचा फॉर्म त्या होस्टिंगवरून मेल पाठवत असेल तर तो आयपी आहे त्याच एसपीएफ ओळीत घाला. दोन एसपीएफ रेकॉर्ड झाले की तपासणी पर्मएरर (कायमची चूक) देते. डीकेआयएमची २०४८ बिटची की डीएनएसच्या एका तुकड्याच्या २५५ अक्षरांत मावत नाही. झोन फाइलमध्ये अवतरणचिन्हांत दोन तुकडे करा, मध्ये स्वल्पविराम नको.

प्रश्नकर्ता:
डोमेन पोस्टफिक्सच्या मायडेस्टिनेशनमध्येही (ज्यांची मेल याच सर्व्हरवर उतरते त्या नावांच्या यादीत) घालायचं का?

दुसरा प्रतिसाद:
मेलबॉक्स व्हर्च्युअल (लिनक्सचे यूजर न बनवता ठेवलेले) असतील तर नाही. तिथे फक्त होस्टनेम आणि लोकलहोस्ट. डोमेन तिथे राहिलं तर पोस्टफिक्स पत्ते लिनक्सच्या यूजरांत शोधतं आणि ‘यूजर अननोन’ म्हणून मेल नाकारतं.