बी४५० बोर्डावर व्हीआरएम तापतोय, मदत हवी आहे

प्रोसेसर रायझन ५ ३६०० आहे, मदरबोर्ड साधा बी४५०, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) हीटसिंकच, म्हणजे उष्णता खेचणारा धातूचा तुकडाच नाही. सगळे कोअर ४.३ गिगाहर्ट्झ, १.३२५ व्होल्ट. गेममध्ये अडचण नाही, पण सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) च्या सातव्या मिनिटाला व्हीआरएम ११० अंशांवर जातो आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, धाडकन पडतो. प्रोसेसर तेव्हा जेमतेम ७८ अंश, म्हणजे कूलरचा दोष नाही.

व्होल्टेज १.२७५ पर्यंत कमी केलं तर मशीन क्रॅश झालं. लोडलाइन कॅलिब्रेशन (ताण आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) एक पायरी कमी केलं, फरक नाही. पंखा थेट व्हीआरएमवर धरला तर ९६ अंश, पण कॅबिनेटमध्ये तो बसत नाही. बायोस ताजा आहे, नवा बोर्ड सध्या परवडणार नाही.

मॉसफेटवर (व्हीआरएममधल्या तापणाऱ्या चिप) छोटे ॲल्युमिनियमचे हीटसिंक लावायचे आहेत, पण स्क्रूसाठी भोकं नाहीत. एवढ्या तापमानाला थर्मल टेप टिकते का, की थर्मल ग्लूच वापरावा?