रात्री-अपरात्री वाजतो म्हणून सोसायटीने फायर अलार्म वर्षभर सायलेंटवर ठेवलाय, काय करायचं?

सोळावा_मजला:
नमस्कार मंडळी. कांदिवलीत २२ मजली टॉवरमध्ये १६व्या मजल्यावर राहतो. घरी आई आहे, वय ७८, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, जिना उतरायचा म्हणजे एकेक पायरी थांबत थांबत. गेल्या आठवड्यात रात्री पावणेदोनला मला जळका वास आला, आधी वाटलं आपल्याच घरात काहीतरी, सगळे स्विच बघितले, मग दार उघडलं तर लॉबीत धूर. ११व्या मजल्यावर एकांच्या इन्व्हर्टरने पेट घेतला होता, त्यांच्या मुलाने मेन स्विच पाडला आणि पावडरच्या सिलिंडरने विझवलं म्हणून निभावलं. पण अलार्म वाजलाच नाही! एकाही मजल्यावर नाही. खाली जाऊन वॉचमनला विचारलं तर म्हणाला साहेब पॅनल तर मागच्या गणपतीपासून सायलेंटवर आहे, रात्री उगाच वाजायचा, मेंबर लोक खाली येऊन भांडायचे, म्हणून कमिटीनेच सांगितलं बंद ठेव.

दुसरं म्हणजे १५व्या मजल्यावरचा रिफ्यूज एरिया, म्हणजे आग लागली की आसरा घ्यायची मोकळी जागा. त्याला कुलूप आहे आणि आत गणपतीच्या डेकोरेशनचं सामान, जुन्या खुर्च्या, सायकली. चावी खाली केबिनमध्ये. कमिटीला बोललो तर म्हणे उघडा ठेवला की पोरं सिगारेट प्यायला जातात.

त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही. कायदा काय म्हणतो, आणि पुन्हा असं झालं तर आईला घेऊन उतरायचं की घरातच थांबायचं?

जुना_फायरमन:
दादा, आधी आईचं बोलू, बाकी नंतर. २९ वर्षं नोकरी केली, आगीने भाजून गेलेल्यांपेक्षा धुराने गुदमरून गेलेले जास्त बाहेर काढलेत, आणि त्यातले बरेच जिन्यात सापडले. आग तुमच्याच घरात लागली तर सामान गोळा करत बसू नका, सगळे बाहेर आणि मागे दार ओढून घ्या, बंद दारामुळे धूर बराच वेळ आत अडतो. आग दुसरीकडे असेल तर दाराला हाताची मागची बाजू लावून बघा, गरम नसेल तर थोडंसं उघडून जिना बघा. जिना स्वच्छ असेल तर उतरा. जिन्यात धूर असेल तर पाऊल टाकू नका, परत आत या, दार लावा, फटीत ओले टॉवेल कोंबा, बाल्कनीच्या बाजूच्या खोलीत बसा आणि १०१ ला फोन करून विंग, मजला, घरात चालता न येणारी व्यक्ती आहे हे सांगा. लिफ्ट अजिबात नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये परळला क्रिस्टल टॉवरला आग लागली, १२व्या मजल्यावर, ४ जण गेले. तिथे १० वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओले कपडे नाकाला लावायला सांगितलं होतं. मला आजही त्या पोरीचं कौतुक वाटतं. पण एक लक्षात ठेवा, ओला कपडा काजळी अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, त्यामुळे कपडा आहे म्हणून दाट धुरात चालत सुटू नका.

आता रिफ्यूज. मुंबईत उंच बिल्डिंगला पहिला रिफ्यूज २४ मीटरच्या आसपास आणि मग दर ७ मजल्यांनी, म्हणून तुमच्याकडे ८वा आणि १५वा. ती जागा बाहेरच्या बाजूला उघडी ठेवतात ती धुरापासून लांब उभं राहता यावं म्हणून, आणि आमचे जवान अडकलेल्यांना शोधायला तिथेच आधी जातात. तुमच्या आईला फक्त एक मजला उतरायचंय हो, आणि नेमकं तिथेच कुलूप! आधी ते काढायला लावा.

पॅनल_मेंटेनन्स:
मी हेच काम करतो, रोज हेच बघतो. अलार्म "उगाच" कधीच वाजत नाही, कारण असतं, फक्त कुणी शोधत नाही. डिटेक्टरच्या आत धूळ बसते, बारीक किडे शिरतात, पावसाळ्यात ओल येते, कुणाच्या घरी फर्निचरचं काम चालू असलं की पॉलिश पेपरची भुकटी जाते. नाहीतर किचनच्या दारासमोरच स्मोक डिटेक्टर लावलेला असतो, फोडणी दिली की बोंबलणार. किचनजवळ हीट डिटेक्टर लावायचा, तो धुराला नाही, तापमानाला वाजतो. ॲड्रेसेबल पॅनल असेल तर कुठला डिटेक्टर वाजला ते स्क्रीनवर दिसतं, जुन्या पॅनलला निदान झोन कळतो. जो त्रास देतो तेवढाच आयसोलेट करून साफ करायचा किंवा बदलायचा, अख्ख्या बिल्डिंगचे हूटर, म्हणजे अलार्मचे भोंगे, बंद करायची गरजच नाही. आणि वर्षभर कुणी हात लावला नसेल तर पॅनलच्या बॅटऱ्या पण बघा, लाइट गेली की सगळं त्यांच्यावरच चालतं.

पंपरूममध्ये पण एक चक्कर मारा. आग विझवायच्या पाण्याच्या पंपाचा सिलेक्टर ऑटोवर आहे का? बऱ्याच ठिकाणी लाइन कुठेतरी गळते, प्रेशर उतरलं की ते टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो, म्हणून वैतागून मॅन्युअलवर टाकतात आणि विसरतात. प्रेशरचा काटा शून्यावर असेल तर मजल्यावरच्या होजमध्ये पाणी येणार नाही.

अजून एक, तुम्ही लिहिलंत ११व्याचा धूर १६व्यावर आला. इलेक्ट्रिकचा आणि केबलचा डक्ट, म्हणजे वायरी खालून वर नेणारी पोकळी, उघडून बघा. प्रत्येक मजल्यावर तो सील असायला पाहिजे, पण इंटरनेटवाले येतात, भोक पाडतात, वायर ओढतात आणि तसंच सोडून जातात. माझा अंदाज धूर तिथूनच चढला असणार, नाहीतर जिन्याच्या फायर डोअरला कुणीतरी झाडाची कुंडी टेकवून ते उघडं ठेवलं असणार.

सेक्रेटरी_मुलुंड:
दादा, आमच्याकडे पण असंच होतं, दोन वर्षं भांडून बदललं म्हणून सविस्तर लिहिते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे, त्यात यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची, म्हणजे बिल्डर निघून गेल्यावर सोसायटीचीच. दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, घेऊन फायर ब्रिगेडला द्यायचा असतो. तुम्ही तोंडी भांडू नका, शेवटच्या दोन फॉर्म बीची कॉपी लेखी मागा. पॅनल वर्षभर सायलेंट असताना सगळं चालू आहे असं सर्टिफिकेट दिलं असेल तर कमिटीला आणि एजन्सीला दोघांनाही उत्तर द्यावं लागेल. आमच्याकडे कॉपी मागितल्यावर कळलं की फॉर्म भरलाच नव्हता! तरी नाही ऐकलं तर फोटोंसकट जवळच्या फायर स्टेशनला लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ते येऊन बघतात, नोटीस देतात, नोटीस देऊनही दुरुस्ती नाही केली तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत जाऊ शकतात.

चपलांचे स्टँड हा मात्र आमचा सगळ्यात अवघड विषय होता, अलार्मला सगळे हो म्हणाले पण लॉबीतला स्टँड हलवायला कुणी तयार नाही. शेवटी मॉक ड्रिल घेतली, लाइट बंद करून सगळ्यांना जिन्याने उतरायला लावलं, दोघंजणं स्टँडला अडखळले आणि त्याच रविवारी बरेचसे स्टँड आत गेले.

बी_विंग_आजोबा:
कुलूप काढा म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे रिफ्यूजमध्ये खरंच बाटल्या सापडल्या, बायकांना तिथून जायची भीती वाटायला लागली. कमिटीने करायचं काय?

जुना_फायरमन:
आजोबा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यावर कॅमेरा लावा, रात्री लाइट चालू ठेवा, वॉचमनला दोन फेऱ्या लावा. धूर भरलेला असताना चावी आणायला १५ मजले खाली कोण जाणार?

सोळावा_मजला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एजन्सीचा माणूस आला, मी सोबतच उभा होतो. त्रास देणारे डिटेक्टर फक्त तीन निघाले, ४थ्या, ९व्या आणि १८व्या मजल्यावर, तिन्ही किचनला लागून. त्या तिघांसाठी २२ मजले गप्प होते. आज दुपारी हूटरची टेस्ट झाली, आई दचकली, पण तिने स्वतःच विचारलं की हा आवाज आला की मी काय करायचं, मग तिला सगळं नीट समजावलं. केबलचा डक्ट उघडला तर ११ पासून १६ पर्यंत सगळीकडे भोकं, सील करायचं कोटेशन मागवलंय. १५व्याचं कुलूप काढलं, सामान अजून तिथेच आहे, रविवारपर्यंतची मुदत दिलीय. पंप मॅन्युअलवर होता. फॉर्म बीची कॉपी अजून दिलेली नाही, उद्या लेखी अर्ज देतोय, पोच मिळाली की इथे टाकतो.