मुलींच्या जगाच्या जुन्या कादंबऱ्या आजच्या मुलींना कशा द्यायच्या? (अनुभव धागा)

‘लिटल विमेन’ (चार बहिणींची गोष्ट, १८६८-६९) आणि ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ (एका अनाथ मुलीची गोष्ट, १९०८) मुंबईतल्या मुली अजूनही का मागून नेतात आणि काहीजणी अर्ध्यावर का सोडतात? वाचनालयात, वर्गात, घरी काय चालतं ते नेमकं लिहा.

ग्रंथपाल, दादर
आधी आवृत्ती बघा. ‘लिटल विमेन’ मुळात दोन भागांत आलं. पहिल्यात २३ प्रकरणं, दोन्ही मिळून ४७. काही आवृत्त्यांत नुसता पहिला भागच असतो, म्हणून अनुक्रमणिकेतला शेवटचा आकडा पाहूनच पुस्तक द्यायचं. पातळ बालआवृत्त्या तर टाळाच. त्यांत घटना उरतात, पण भांडणानंतरचा अबोला कापला जातो, आणि मुलींना धरून ठेवतो तो अबोलाच. मराठी माध्यमाच्या मुलीला आधी शांता शेळके यांनी केलेला त्याचा अनुवाद, ‘चौघीजणी’, द्यावा.

शिक्षिका, परळ
वर्गात ‘लिटल विमेन’ पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका, सातवं घ्या. धाकट्या बहिणीच्या, एमीच्या शाळेत खारवलेल्या लिंबांचं वेड आहे. मुली ती डेस्कखाली चोखतात, पेन्सिली, मण्यांच्या अंगठ्या, कागदी बाहुल्या यांच्या बदल्यात देतात. जिच्याशी पटतं तिला लिंबू, जिच्याशी वाकडं तिच्यासमोर एकटीनं खायचं. एमीवर इतरांच्या लिंबांची उधारी चढली आहे, म्हणून थोरली बहीण मेग तिला पैसे देते. शाळेबाहेर चिंच-आवळा घेणाऱ्या मुलींना यातलं काहीच समजावून द्यावं लागत नाही. मधल्या सुट्टीचं राजकारण त्यांना तोंडपाठ असतं.

मग लगेच आठवं. एमी रागाच्या भरात लेखनवेड्या बहिणीचं, ज्योचं हस्तलिखित जाळते, माफी मागते, आणि ज्यो माफ करत नाही. इथे पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, ज्योचं चुकलं का? वर्ग दुभंगतो. त्यानंतर एमी बर्फ फुटून पाण्यात पडते, तो प्रसंग दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, नाहीतर ज्योला पश्चात्ताप होतो हे कळून वाद तिथेच संपतो.

वाचनगट चालवणारी, मुलुंड
‘अ‍ॅन’ची ३८ प्रकरणं आहेत. सुरुवातीची निसर्गवर्णनं मोठ्यानं वाचली तर टिकतात, एकटीनं वाचताना मुली तिथेच गळतात. सोळाव्या प्रकरणाआधी एवढंच सांगा, की रासबेरीचं सरबत वेगळं आणि करंट नावाच्या छोट्या फळांची वाइन वेगळी. अ‍ॅनची जिवलग मैत्रीण डायना ती वाइन सरबत समजून तीन पेले पिते, तिची आई मैत्रीच तोडायला लावते. अठराव्यात डायनाच्या धाकट्या बहिणीचा घसा सुजून श्वास अडतो आणि अ‍ॅन तिला वाचवते. अ‍ॅनला उपाय ठाऊक असतो, कारण आधीच्या घरी तिनं जुळ्यांच्या तीन जोड्या सांभाळलेल्या असतात. अनाथपणात नाइलाजानं शिकलेलं काम मैत्री परत मिळवून देतं. मला हे या कादंबरीतलं सगळ्यात भक्कम बांधकाम वाटतं. तिथे ती देते ते ओकारीचं औषध आता देत नाहीत, तेही तेव्हाच सांगून टाका.

आई, गिरगाव
एकोणिसाव्यात अ‍ॅन आणि डायना खिडक्यांतून एकमेकींना करतात ती मेणबत्तीची खूण चाळीतल्या किंवा समोरासमोरच्या इमारतींतल्या मुलींना टॉर्चवर करू द्या. दोन झपके म्हणजे ‘आहेस का?’, तीन ‘हो’, चार ‘नाही’, पाच ‘लगेच ये’. एवढ्यावर पुढची प्रकरणं आपोआप वाचली जातात.

ग्रंथपाल, दादर
पुढचा भाग, ‘अ‍ॅन ऑफ अ‍ॅव्हनली’ (१९०९), लगेच हातात ठेवू नका. त्यात अ‍ॅन साडेसोळा वर्षांची आहे आणि स्वतःच शाळेत शिकवते. पाचवी-सहावीतली मुलगी तिथे कंटाळते, आठवी-नववीत तोच आवडीनं नेते.