भूल देताना बीपी पडूच द्यायचं नाही, की पडल्यावर सावरायचं?

ओटीवाली:
प्रोपोफॉल हे भुलीचं औषध शिरेत गेलं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि शस्त्रक्रियेचा छेद घ्यायच्या आधीच बीपी कोसळतं. त्यात पेशंट सत्तरीपुढचा, सकाळी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी घेऊन आलेला, रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही, मग तर हमखास. तरी आपण वाट बघतो, वरचं ७० दिसलं की बीपी चढवणारं मेफेन्टरमीन मारतो. जोखमीच्या पेशंटला बीपी चढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनचं इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून सतत सोडायचं औषध, भुलीआधीच जोडून तयार हवं, असं माझं ठाम मत आहे. २०१७च्या फ्रान्समधल्या इनप्रेस चाचणीत वरचा दाब पेशंटच्या नेहमीच्या दाबाच्या १० टक्क्यांच्या आत राखला. शस्त्रक्रियेनंतर अवयव बिघडण्याचं प्रमाण ३८ टक्के राहिलं, रूढ पद्धतीत ५२.

फ्रीलान्स भूलतज्ज्ञ:
मॅडम, इनप्रेसमध्ये जेमतेम तीनशे पेशंट होते. पॉइज-३ चाचणीत सात हजारांवर. तिथे सरासरी दाब (वरचा-खालचा मिळून काढलेला) ८०च्या वर ठेवा किंवा ६०च्या वर, हृदयाच्या गुंतागुंती सारख्याच. मी रोज वेगवेगळ्या नर्सिंग होममध्ये जातो. औषध ठरावीक वेगाने सोडणारा सिरिंज पंप एकच, तोही कधी बंद. हातातल्या साध्या शिरेतून नॉरअ‍ॅड्रिनलिन बाहेर झिरपलं तर कातडी काळी पडते. ते कोण निस्तरणार?

ओटीवाली:
म्हणजे ६०चा तळ दोन्ही गटांना होता! ५०वर दहा मिनिटं काढलेल्यांबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही. आणि पंप नसला तरी बाकीचं फुकट आहे. दोन तास आधीपर्यंत साधं पाणी द्या. म्हाताऱ्यांना प्रोपोफॉल निम्म्या डोसने, सावकाश द्या, कारण त्यांच्यात औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. घाई केली की दुसरा डोस उगाच जातो. बीपी मोजणारा पट्टा, म्हणजे कफ, पाच मिनिटांवर ठेवला तर एकदा १२८ दिसतं, पुढच्या वेळी ७४. मधे काय घडलं? इंडक्शनला, म्हणजे भूल चढवताना, तो एका मिनिटावर हवा.

एमडी मेडिसिन:
टेल्मिसार्टनचा दोष जरा जास्तच काढताय. २०२४च्या स्टॉप-ऑर-नॉट चाचणीत या गटातली गोळी दोन दिवस आधी बंद केलेल्यांत बीपी पडलं ४१ टक्क्यांचं, चालू ठेवलेल्यांत ५४. पण नंतरच्या गुंतागुंती दोन्हीकडे २२ टक्के. आमच्या पेशंटला एक गोळी थांबवा म्हटलं की तो सगळ्याच थांबवतो, आणि परत सुरू करायला महिन्याने येतो, बीपी २००वर घेऊन.

फ्रीलान्स भूलतज्ज्ञ:
पाणी, डोस, कफ, तिन्ही मान्य. उद्यापासून. इन्फ्युजन मात्र पंप आणि त्यावर नजर ठेवणारं माणूस असेल तिथेच. नसेल तिथे बीपी चढवणारं फिनाइलएफ्रिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून हाताशी ठेवेन.

ओटीवाली:
हार्ट फेल्युअर असेल तर फिनाइलएफ्रिन जपून. नाडी मंदावते. आणि पंपाची मागणी त्या नर्सिंग होमकडे लेखी करा, डॉक्टर.