बडोद्यात बसून टॅबवर मराठी पुस्तकं लायब्ररीतून आणता येतात का?

दांडिया बाजारची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या सासूबाईंसाठी आहे. वय ७९. माहेर बडोद्याच्याच वाडी भागातलं, सासर दांडिया बाजारातलं, त्यामुळे मांडवीची सेंट्रल लायब्ररी कायम चालत जाण्याच्या अंतरावर. घरात कितीही कामं असोत, पुस्तक बदलायला त्या स्वतः जायच्या. कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, काहीही चालतं, पण मराठीच लागतं. गुजराती त्या बाजारात अस्खलित बोलतात, वर्तमानपत्रही वाचतात, तरी रात्री उशाशी मराठी पुस्तक हवं.

आता डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झालाय. डाव्या डोळ्याने मधलं दिसतच नाही, उजव्याने ठळक अक्षर कसंबसं लागतं. गुडघ्यांमुळे बाहेर जाणंही बंद झालं. माझी नणंद न्यू जर्सीला असते. ती आली तेव्हा तिने टॅबवर लिबी नावाचं ॲप घालून दिलं आणि त्यात तिच्या गावच्या लायब्ररीचं कार्ड जोडलं. अक्षर बोटाने हवं तेवढं मोठं होतं, मागचा रंग काळा करता येतो, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. आईंना ते यंत्र आवडलं. दोन दिवस त्यांनी सगळं चाळून पाहिलं आणि मग मला विचारलं, "यात मराठी कुठल्या कपाटात आहे?"

मी शोधशोध शोधलं. त्यांच्या उपयोगाचं काही सापडलं नाही. असं काही मराठीसाठी आहे का? आणि नसेल तर तुमच्या घरातली मोठी माणसं काय करतात?

अलकापुरी

ताई, मी काही वर्षं तिकडे होतो, लिबी रोजच्या वापरात होतं, म्हणून थोडं सांगतो.

लिबी ही स्वतः लायब्ररी नव्हे. ओव्हरड्राइव्ह नावाच्या कंपनीचं ते ॲप आहे आणि त्यात दिसतं ते तुमच्या नणंदेच्या गावच्या लायब्ररीने पैसे मोजून घेतलेलं. तिथल्या लोकांनी मराठी मागितलं नाही, म्हणून लायब्ररीने घेतलं नाही. त्यातही एक प्रत एका वेळी एकालाच मिळते. फाइल असली तरी रांग लागते, कारण प्रकाशकाचा परवानाच तसा असतो. मोठे प्रकाशक बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचाच परवाना देतात, मुदत संपली की लायब्ररीने पुन्हा विकत घ्यायचं. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये नियम काढला होता की एक ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परवाना संपला. कागदाचं पुस्तक शिवण उसवेपर्यंत फिरतं, ई-पुस्तकाला तेवढंही आयुष्य मिळत नाही.

आणखी एक. ते कार्ड तिथल्या रहिवाशांच्या करातून चालतं. नणंदेने आईंसाठी कधीमधी एखादं पुस्तक काढलं तर ठीक, पण दुसऱ्या देशातल्या माणसाने कायमचं वापरणं बऱ्याच लायब्ऱ्यांच्या नियमात बसत नाही. तिला तिथे विचारायला सांगा.

इंग्रजी चालणारं कोणी घरात असेल तर ब्रिटिश कौन्सिलची डिजिटल लायब्ररी भारतात वर्गणी भरून मिळते. आईंच्या कामाची नाही, हे कळतंय.

निवृत्त ग्रंथपाल, बाबाजीपुरा

दांडिया बाजारच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी पुस्तकं देण्या-घेण्यात गेली, तेव्हा जरा लांबलं तर चालवून घ्या.

लिबीसारखी, म्हणजे आजचं मराठी पुस्तक सार्वजनिक लायब्ररीच्या कार्डावर टॅबमध्ये उसनं मिळावं अशी सोय मराठीला अजून उभी राहिलेली नाही. मराठी प्रकाशक ई-पुस्तक बहुतेक वाचकालाच विकतात, लायब्ररीला परवाना देऊन उसनं फिरवू देणं क्वचितच. त्यामुळे मराठी वाचकाला तीन वेगवेगळ्या दारांतून जावं लागतं. जुनं पुस्तक फुकट मिळतं, नवं विकत घ्यावं लागतं, आणि या दोन्हींच्या मधलं सगळं मांडवीच्या कपाटात आहे. ही वाटणी डोक्यात बसली की शोधण्यातला अर्धा वैताग जातो.

जुनं म्हणजे किती जुनं? आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, वर्षाची मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं आहे. हरिभाऊ आपटे, गडकरी दोघेही १९१९ मध्ये गेले, ते तर कधीचेच खुले. पण व. पु. काळे २००१ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०६१ संपेपर्यंत थांबावं लागेल. तुमच्या आईंच्या वयाची माणसं ज्या लेखकांवर वाढली, ते नेमके हक्क चालू असलेले आहेत. म्हणून इंटरनेटवर मराठीचा एवढा साठा असूनही त्यांना हवं ते सापडत नाही. कुठेतरी कोणी चोरून चढवलेली पीडीएफ सापडेल. ती घेऊ नका, एवढंच म्हणते.

खुल्या पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर जा. तिथे उसनी पुस्तकंही आहेत, एक तासासाठी किंवा चौदा दिवसांसाठी. पण चार अमेरिकी प्रकाशकांनी २०२० मध्ये खटला भरला, २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला आणि पाच लाखांवर पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. ती इंग्रजीची भानगड. आपल्या उपयोगाची मराठी पुस्तकं तिथे वेगळ्या वाटेने आली. भारतात सरकारी मदतीने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया नावाचा स्कॅनिंगचा मोठा प्रकल्प झाला होता, त्याच्या हजारो फाइली तिथे आहेत आणि उतरवून घेता येतात.

आता कोणी न सांगणारी गोष्ट. तिथे देवनागरीत नाव टाकून शोधलं तर बरीच पुस्तकं सापडत नाहीत. स्कॅन करताना नावं रोमन लिपीत टिपली गेली, आणि तीही दीर्घ स्वराला अक्षर दोनदा लिहून. आ असेल तिथे इंग्रजी ए दोनदा, दीर्घ ई असेल तिथे आय दोनदा. असं लिहून पाहा, दार उघडतं. लेखकाच्या नुसत्या आडनावाने शोधलंत तर आणखी सोपं. आपल्या श्री सयाजी साहित्यमालेतली काही पुस्तकंही मला अशीच मिळाली. महाराजांनी मराठी-गुजरातीत ज्ञान यावं म्हणून काढलेली माला, आणि तिचं पान बडोद्यात बसून मोबाइलवर उघडलं तेव्हा मी किती वेळ ते पान पुढे सरकवलंच नाही.

राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर दुर्मिळ ग्रंथ आहेत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं मोफत ठेवली आहेत, मराठी विश्वकोशही तिथल्या तिथे वाचता येतो. नातवंडांसाठी नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय पाहा, तेही मोफत आहे.

पण डोळ्यांचं काय? इथे नीट लक्ष द्या. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. लिबीत अक्षर मोठं केलं की ओळ पुन्हा जुळते, फोटोत तसं होत नाही. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि बोटाने डावीकडे-उजवीकडे ढकलत बसावं लागतं. अधू डोळ्यांना त्याचा फार त्रास होतो. टॅब आडवा धरून अर्धं पान एका वेळी पाहणं जरा बरं. मोबाइलचा वाचून दाखवणारा आवाजही फोटोतलं मराठी वाचत नाही, त्याला टाइप केलेला मजकूर लागतो. म्हणून आईंच्या अगदी लाडक्या दोन-तीन नव्या पुस्तकांसाठी ॲमेझॉनच्या किंडल ॲपवरची विकतची आवृत्ती घ्या. तिथे मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून आहेत आणि अक्षर लिबीसारखंच वाढतं. ऐकायला आवडत असेल तर स्टोरीटेल या ऐकायच्या पुस्तकांच्या ॲपवर मराठीत पुष्कळ आहे.

आणि कृपा करून मांडवीचं कार्ड बंद करू नका. घरात कोणी म्हणेल, आई जातच नाहीत, कशाला ठेवायचं? हे वाक्य मी काउंटरवर फार ऐकलंय आणि दर वेळी मला वाईट वाटलंय. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आधी शिक्षण सक्तीचं केलं, मग १९१० मध्ये बोर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावला, कारण शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला मिळालं नाही तर तो शिकलेलं विसरतो हे त्यांना दिसत होतं. राजवाड्यातला स्वतःचा संग्रह त्यांनी लोकांना दिला. बोर्डननी इथे ग्रंथपालांचे वर्ग चालवले, १९१२ मध्ये नियतकालिक निघालं त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीही होती. मांडवीच्या इमारतीतल्या पोलादी मांडण्या आणि काचेच्या फरशांचे मजले आजही आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटापर्यंत पोचावा म्हणून केलेले.

माझ्या मनातली खरी गोष्ट मात्र फिरत्या पेट्या. १९११ पासून लाकडी पेटीत पंधरा-तीस पुस्तकं भरून गावोगाव जायची, वाचून झाली की परत यायची, रेल्वेचं भाडं संस्थान भरायचं. जो लायब्ररीत येऊ शकत नाही त्याच्याकडे पुस्तकाने जायचं, हे आपल्या शहराला शंभर वर्षांपूर्वी समजलं होतं. तुमच्या आईंना आज नेमकं तेच हवंय. मराठीची कपाटं पुढे नव्याने भरायची तर पुस्तकं बाहेर जाताना, परत येताना दिसली पाहिजेत. ज्या भाषेची पुस्तकं कोणी नेत नाही, तिच्यासाठी खरेदीच्या यादीत भांडायला ग्रंथपालाच्या हातात काही उरत नाही. गुजरातेत मराठी वाचणाऱ्यांनी ही काळजी स्वतःच घ्यायची आहे. कार्ड आईंचं असू द्या, पाय दुसऱ्या कोणाचे असू द्या.

नवापुरा

काकूंच्या उत्तरात एक भर घालतो. माझी स्वतःची दृष्टी कमी आहे. सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी पाहा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलं, अशा वाचकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा डेझी फोरम ऑफ इंडिया हा संघ आहे, त्यातल्या संस्था तिथे पुस्तकं घालतात. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही अशांसाठीच आहे, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पडद्याच्या त्रासाने वाचता येत नसेल तर आई त्यात बसतील. मराठीही आहे. तिथे फोटो नसतात, मजकूर असतो, म्हणून मोबाइल वाचून दाखवतो.

हक्क चालू असलेली पुस्तकंही तिथे कायदेशीर मिळतात. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि अशा वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलून द्यायला लेखकाची वेगळी परवानगी लागेनाशी झाली. पुढे अशाच वाचकांसाठी माराकेश करार हा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. काकूंनी सांगितलेलं मधलं दार, जे फक्त कपाटात आहे म्हणाल्या, ते आमच्यासारख्यांना इथून थोडं तरी उघडतं. सगळं मिळत नाही. पण मागणी नोंदवता येते, आणि मी नोंदवत असतो.

आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी यंत्र वाचतंय असं वाटतं, नंतर गोष्टच ऐकू येते. आईंना वेग कमी करून द्या आणि आधी वाचलेलंच पुस्तक लावा.

दांडिया बाजारची सून

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आईंना सगळं वाचून दाखवलं. पेट्यांचं ऐकल्यावर म्हणाल्या की त्यांच्या आजोळी, पेटलादजवळच्या गावात, अशी पेटी यायची असं त्यांची आई सांगायची.

सुगम्यसाठी डॉक्टरांकडे पुढच्या भेटीत कागद मागते. आर्काइव्हवर काकूंनी सांगितलं तसं लिहून पाहिलं आणि हरिभाऊ मिळाले. पण फोटोची अडचण आली. त्यांनी दोन पानं वाचली आणि डोळे मिटून बसल्या.

कार्ड चालू ठेवतोय. आता पुस्तक मी आणीन आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास मुलगा वाचेल असं ठरवलंय. तो बारावीत आहे, मराठी बोलतो पण वाचताना अडखळतो, कारण शाळा गुजराती माध्यमाची. काकू, त्याला जमेल आणि आईंनाही आवडेल असं कुठून सुरू करू? आणि दुसऱ्याच्या कार्डावर मला पुस्तक देतील ना?

निवृत्त ग्रंथपाल, बाबाजीपुरा

देण्याघेण्याचा नियम काउंटरवरच विचारून घ्या. जाताना आईंचं कार्ड आणि तुमचं ओळखपत्र दोन्ही जवळ ठेवा.

मुलासाठी कादंबरी नको, अडखळला की धागा तुटतो आणि ऐकणाराही कंटाळतो. कथासंग्रह घ्या, एका बैठकीत एक कथा संपते. प्रवासवर्णनही चालेल, आईंना आवडतं म्हणालात. संवाद जास्त असलेलं पाहून निवडा, मुलाचं बोलणं पक्कं आहे तर संवाद त्याच्या तोंडात पटकन बसेल. ळ आणि ण गुजरातीतही आहेत, तिथे तो अडणार नाही. च, ज, झ चे दोन उच्चार आणि जोडाक्षरं यांत अडेल, तिथे आईंना सांगू द्या.

पुस्तक उचलताना आतलं पान उघडून टाइप पाहा. त्याच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या असतील तर मोठ्या टाइपाची आणा, म्हणजे दुपारी उजेडात आईंना स्वतःलाही एखादं पान पाहता येईल. मी मंगळवारी मांडवीला जाणार आहे. आईंच्या आवडीचे चार लेखक इथे लिहा, त्यांच्यातलं मोठ्या टाइपाचं काय काय आहे ते पाहून कळवते.