सीनियर सरांचा आढावा घ्यायचा कसा?

प्रश्न:
मी भूलतज्ज्ञ. गेल्या वर्षी रुग्णालयातलं क्वालिटीचं, म्हणजे उपचारांचा दर्जा बघण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. ज्या सर्जन सरांच्या हाताखाली ओटीत उभी राहून शिकले, त्यांच्याच वार्षिक आढाव्याचा फॉर्म घेऊन परवा त्यांच्या खोलीत गेले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, 'वक्तशीरपणा : 1 ते 5' हा रकाना वाचला आणि फॉर्मवर चहाचा कप ठेवला. "अगं, मी काय शाळेत आहे का?" मी मुकाट्याने बाहेर. त्यांच्याकडे ऑपरेशननंतरची गुंतागुंत वाढलेली दिसते खरी, पण अवघड केसेसही त्यांच्याचकडे जातात. ज्युनियर फॉर्म भरून देतात, सीनियर फिरकतही नाहीत. तुम्ही काय करता?

उत्तर 1 (निवृत्त सर्जन):
तो कप माझाच समजा. वरून दिसतो राग, आत भीती असते. साठीला आलं की बारीक टाके घालताना डोळे दगा देतात, रात्रीची इमर्जन्सी झाली की दुसरा दिवस ढकलावा लागतो. सांगणार कोणाला? 'आढावा' म्हटलं की 'आता काम काढून घेणार' असंच ऐकू येतं. मला एका सहकाऱ्याने आधी विचारलं, "रात्रीचे कॉल कमी करू का?" त्यानंतर माझी आकडेवारी मीच काढून दिली.

उत्तर 2:
आकडे जपून वापरा. 40 केसेसमध्ये 2 गुंतागुंती म्हणजे 5 टक्के. एकच वाढली की 7.5. एवढ्यावर जाब विचारलात तर सर उठून जातील, आणि बरोबरच करतील. पेशंटचं वय, आधीचे आजार, ऑपरेशन ठरवून केलं की इमर्जन्सीत, हे धरल्याशिवाय दोन सर्जनची तुलना नको. केसपेपर घेऊन बसा. ब्रिटनमध्ये डिसेंबर 2012 पासून रीव्हॅलिडेशन, म्हणजे डॉक्टरांच्या परवान्याची वेळोवेळी फेरतपासणी आहे. त्यासाठी दरवर्षी अप्रेझल (कामाचा आढावा) होतं आणि पेशंटचा, सहकाऱ्यांचा अभिप्रायही द्यावा लागतो.

बाकी हा रुसवा जुनाच. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी सर्जनची कामगिरी मोजा म्हटलं, रुग्णालयाने ऐकलं नाही, म्हणून 1914 मध्ये राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातले 1911 ते 1916 चे 337 पेशंट आणि त्यांतल्या आपल्या 123 चुका मात्र त्यांनी छापून मोकळ्या केल्या.

उत्तर 3:
एक गाठ बांधून ठेवा. पेशंटला धोका आहे असं वाटलं, तर ती चौकशी वेगळी आणि लगेच. आधाराच्या गप्पांत ती मिसळलीत, तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

प्रश्नकर्ती:
वक्तशीरपणाचा रकाना उडवला. सोमवारच्या बैठकीत आधी माझ्याच तीन केसेस मांडणार आहे; एकीत श्वासाची ट्यूब तिसऱ्या प्रयत्नात गेली होती, आणि मदत मी उशिरा बोलावली. सरांना म्हटलं, बघून सांगा. ते हात धूत होते. मान वर न करता म्हणाले, "किती वाजता?"