ॲक्सोलॉटलला टाकीबाहेरचं दिसतं का? (जरा लवकर सांगा)

पाणवठा: आमचा ॲक्सोलॉटल बंड्या गेले आठ दिवस मी खोलीत आलो की काचेला येऊन चिकटतो आणि टक लावून बघत बसतो. बायको म्हणते त्याला काही दिसत नाही, तुझा भ्रम आहे. दिसतं की नाही एवढंच सांगा, आज टाकी हलवायचीय, टीव्हीसमोर ठेवायची की कोपऱ्यात ते यावरच ठरणार.

निवांत_७: टाकी केवढी? पाणी किती डिग्री? लाईट किती तास? काहीच लिहिलं नाहीत.

पाणवठा: दिसण्याचा आणि डिग्रीचा काय संबंध? रंग पांढरट गुलाबी, हवा असेल तर.

चष्मिष: डोळे काळे असतील तर ल्युसिस्टिक (अंग फिकं, पण डोळ्यांत रंग), नसतील तर बहुतेक अल्बिनो (डोळ्यांतही काळा रंग नाही), त्याला उजेड जास्त खुपतो. दिसतं, पण अंधुक. सावली, हालचाल, मोठे आकार, बास. तुमचा चेहरा वगैरे विसरा. आणि टक लावून बघतो म्हणजे काय, पापण्याच नसतात त्याला, बिचारा डोळे मिटणार कसे?

मत्स्यप्रेमी: माझा गोल्डफिश मला बरोब्बर ओळखतो. मासे हुशारच असतात. खाण्यात लसूण घालून बघा.

चष्मिष: काका, मासा नाही तो, सॅलॅमँडर आहे, बेडकासारखा उभयचर. लसूण कशाला?

खटपट्या: रात्री टाकीतला लाईट चालू आणि खोलीत अंधार असेल तर काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असणार. शिवाय पाण्यातून काचेकडे साधारण ४९ अंशांपेक्षा जास्त तिरकं बघितलं की प्रकाश बाहेर पडतच नाही, काचेचा आरसा होतो. म्हणजे त्याने काचेकडे साधारण सरळ बघितलं तर तुम्ही दिसाल, फार तिरकं बघितलं की नुसता आरसा.

निवांत_७: डोळ्यांचं काय घेऊन बसलात, हा रात्रीचा फिरणारा प्राणी, वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर जगणारा. डोक्यावर आणि अंगाच्या कडेला बारीक ठिपके असतात बघा, त्यांनी त्याला पाण्यातली थरथर कळते. तुम्ही धपधप आलात की जमिनीतून स्टँडला, स्टँडवरून पाण्याला. काचेला पुठ्ठा लावा आणि चालून बघा.

मत्स्यप्रेमी: त्याचा पाय तुटला तर परत उगवतो म्हणे, खरं का?

खटपट्या: खरंय. पण अवांतर नको, धागा भलतीकडे जाईल.

पाणवठा: केलं. पुठ्ठा लावून चाललो तरी आला!! मग पुठ्ठा काढून वीस मिनिटं गप्प बसलो, तो गुहेत गेला, परत तोंड बाहेर काढून बसला तेव्हा नुसता हात हलवला, तर डोकं वळवलं, जागचा हलला नाही. म्हणजे दोन्ही कळतं ना? आणि डोक्यामागचे झुपकेदार कल्ले पुढे वळवून बघतो, खूष असतो तेव्हा.

चष्मिष: थांबा थांबा. कल्ले पुढे वळलेत? किती दिवस?

पाणवठा: आठवडा झाला असेल. गोंडस दिसतात.

निवांत_७: ते खूष असल्याचं लक्षण नाही हो, ताण आहे! फिल्टरचा जोर जास्त किंवा पाणी खराब. तापमान बघा आधी.

पाणवठा: २५.

निवांत_७: म्हणून पहिल्यांदा विचारलं होतं. १६ ते १८ हवं. हा मेक्सिकोतल्या शोचिमिल्को तलावाच्या थंड पाण्यातला प्राणी आहे. चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घ्या.

खटपट्या: लगेच चिलर? पाण्यावर पंखा सोडला तरी दोन-तीन डिग्री उतरतं.

निवांत_७: २५ मधून तीन गेले तरी २२ च. पंखा हा तात्पुरता उपाय.

चष्मिष: तुम्ही दोघं नंतर भांडा. पाणवठा, टाकी भरलेली हलवू नका, जोड सुटतात. टीव्हीसमोर तर नकोच, उजेड आणि स्पीकरची थरथर दोन्ही. पाण्यात अमोनिया (घाणीतून साठणारं विष) किती आला ते सांगा.

पाणवठा: ते कशाने मोजतात?